टाळांत हरवलेला ‘नाही’

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी मुलुंडहून वहिनीचा फोन. गणपतीला काहीतरी मी आणायचंय. ‘हो हो, आणते’ म्हटलं. काय आणायचं ते कळलं नाही. शेवटी सु.ला वहिनीला फोन करायला लावला. नारळ म्हणे, सोललेले. नवरा म्हणून एवढा तरी उपयोग.

डावा कान आता नावालाच आहे. डूल अडकवायला बरा. साकीनाक्याच्या गाळ्यात पत्रा ठोकणाऱ्या पंचिंग प्रेसच्या भिंतीला टेकून अख्खी नोकरी केली, प्रेस माझ्या डावीकडे. उजवा चालतो. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर चालतो. पण आमच्या घरात एकच माणूस बोलतोय असं कधी झालंय?

कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं काय त्यात. ‘हो का!’, ‘काय सांगतेस!’ आणि सगळे हसले की हसायचं. एवढ्यावर दोन लग्नं आणि एक बारसं निभावलं.

माझ्या भाचीचा, मनूचा रिपोर्ट बुधवारी, नेमका गणपती बसायच्या दिवशी. मूल राहावं म्हणून ट्रीटमेंटची ही तिसरी वेळ. तिला आणि तिच्या नवऱ्याला, रोहितला सोडून फक्त मला माहीत आहे. तिच्या सासूलासुद्धा नाही. तिची आई, आमची शोभा असती तर देव पाण्यात घालून बसली असती. ती नाही, तर बहिणीने बसायचं. बसलेय.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

राहिलं! मनूला राहिलं!

मुलुंडहून आत्ताच आलो. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

दादाकडे नेहमीचा गोंधळ. हॉल एवढासा, माणसं पन्नास. आरती सुरू झाली. वहिनीच्या माहेरच्या पोरांनी टाळ धरले होते, झांजा होत्या, खाली सोसायटीच्या मंडपात ढोल. माझ्या डोक्यात नुसता पत्रा वाजत होता. मी तोंड हलवत होते, शब्द सगळे पाठ आहेत म्हणून बरं.

मनू मागून आली, डाव्या बाजूला उभी राहिली. हातात फोन. माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी बोलली, ‘राहिलं गं मावशी.’

मी तिला मिठीच मारली. आरती अर्धी सोडून! ताटातला मोदक उचलून तिच्या तोंडात कोंबला. आरती पुरी व्हायच्या आधी, नैवेद्य दाखवायच्या आधी. बाप्पा मला माफ करेल. वहिनीने डोळे वटारले तेव्हा राहवलं नाही, बोलून गेले, ‘गोड बातमी आहे गं! आपल्या मनूला!’ तीन महिने बोलायचं नसतं, कळतं मला. पण तीन वेळा तिच्यासोबत त्या दवाखान्यात बसलेय मी. थोडं सुटलं तोंड.

वहिनीने दादाच्या कानात सांगितलं. आरती झाल्यावर दादा गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. बाबांच्या मागे आमच्या घरात गाऱ्हाणं त्याच्याकडे. एरवी बँकेतल्यासारखं मराठी बोलतो, देवासमोर उभा राहिला की सरळ मालवणात.

‘बा देवा म्हाराजा! आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उभी हत. जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!’

‘आमच्या शोभाच्या चेडवाची कूस उजवलंस, ती सुखरूप पार पाड रे म्हाराजा!’

‘होय म्हाराजा!!’ घर हाललं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मनू हात जोडून उभी, डोळ्यांतून धारा. वहिनी पण रडली. मी पण. शोभाची आठवण झाली सगळ्यांना.

मनू जेवली नाही. काहीतरी म्हणाली, मळमळतंय असावं. रोहित येऊन लवकर घेऊन गेला. जाताना पाया पडली नाही. असू दे, वाकू नये आता.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मनूचा मेसेज. तसाच उतरवते.

‘मावशी, मी राहिलं नाही म्हटलं होतं. आरतीत रिपोर्ट आला. आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून तेव्हाच तुला सांगितलं. सगळ्यांसमोर काय बोलणार. आता फोन करू नकोस प्लीज.’

राहिलं नाही.

फोन केला. उचलला नाही. परत केला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आयुष्यभर ही म्हण हसत हसत वापरली.

२९ ऑगस्ट

काल पुढे काही लिहिता आलं नाही.

सारखं तेच. तिच्या तोंडात मोदक कोंबतेय. ती गिळतेय. तिने तो गिळला. थुंकून टाकला असता तरी चाललं असतं.

सु.ला सांगितलं. त्याने खुर्ची ओढली. मग समोर बसला (समोर बसला, हे आज लक्षात आलं, तो नेहमी समोर बसूनच बोलतो) आणि म्हणाला, ‘तुला ऐकू येत नाही हे मला माहितीय.’

‘कधीपासून?’

‘तू टीव्ही वाढवायला लागलीस तेव्हापासून.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू बोलत नव्हतीस ना. म्हटलं, तुला नकोय.’

म्हणजे दोघेही शहाणे. लग्नाकार्यात तो माझ्या शेजारी बसायचा, मला कुणी काही विचारलं की आधी तोच उत्तर द्यायचा, मला वाटायचं आगाऊपणा करतो. त्यावरून भांडलेय मी त्याच्याशी.

मनूला ठाऊक असतं तर ती उजवीकडे उभी राहिली असती. एवढंच होतं ना. एवढं सांगायला काय जात होतं माझं? म्हातारी म्हणाले असते. म्हणू दे की. आहेच.

३० ऑगस्ट, शनिवार

वहिनीचा फोन, सु.ने स्पीकरवर लावला. मनूला काय खावंसं वाटतं, कैरीचं लोणचं पाठवू का. दादाने गावी चुलत्यांना पण कळवलंय. गावात गौरीला सगळे जमणार, म्हणजे आता अख्ख्या वाडीत.

खरं सांगणं भाग होतं. मीच सांगितलं, सु.ला सांगू दिलं नाही. ‘वहिनी, मी चुकीचं ऐकलं. तिला राहिलं नाही. माझा कान गेलाय.’

वहिनीने दादाला हाक मारली. मग दादा आला.

‘अगो, पण मी गाऱ्हाणा घातलंय मां?’

‘हो दादा.’

‘देवाक सांगलंय. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटला. आता ता मागे कसा घेवचा?’

दादा आयुष्यात माझ्यावर ओरडलेला नाही. आजही नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

२ सप्टेंबर, मंगळवार. गौरी-गणपती विसर्जन

जाणार नव्हते. सु. म्हणाला, चल. न जाऊन काय होणार.

मनू नाही आली. कुणी विचारलंही नाही, सगळ्यांना कळलेलं.

उत्तरपूजा झाली. मूर्ती हलवायच्या आधी दादा पुन्हा उभा राहिला. कपाळावर घाम. टाळवाली पोरं गप्प, ढोल अजून आला नव्हता. अख्ख्या सात दिवसांत त्या घरात एवढी शांतता कधी नव्हती. मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

‘बा देवा म्हाराजा. आमच्याकडसून जा चुकीचा बोलला गेला, ता तू मनार घेव नको. त्या चेडवाक आमच्या बोलण्याचो तरास झालो. तिच्या मनाक शांती दी रे म्हाराजा.’

कुणालाच कळेना काय करावं. आनंदाच्या गाऱ्हाण्याला ओरडायची सवय. चूक मागे घेताना ‘होय’ म्हणायचं की नाही, कुठल्या आवाजात म्हणायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. सगळे खाली बघत होते.

मग मीच म्हटलं. ‘होय म्हाराजा.’ एकटीने. आवाज फाटला. मागून सु. म्हणाला. मग एकेक जण.

दादाने मूर्ती जागची हलवली आणि खाली ढोल सुरू झाला.

९ सप्टेंबर, मंगळवार

कानाच्या तपासणीला गेलो, इथे घाटकोपरलाच. काचेच्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मी तिथेही लबाडी केली. अंदाजाने दाबत होते. काचेपलीकडची मुलगी आत आली आणि म्हणाली, ‘काकू, मी वाजवलंच नव्हतं.’

शरमेने मेले. सु. खो खो हसला. खूप दिवसांनी हसला.

डावा जवळजवळ गेलेला, उजव्यालाही मदत लागणार. ती समजावत होती, गोंगाटात अर्धं वाक्य पोचतं आणि उरलेलं आपलं मन भरतं. मन काय भरतं? विचारलं. ‘जे ऐकायचं असतं ते,’ म्हणाली.

सहज बोलली ती. तिला काय माहीत. मी रुमाल शोधायला पर्समध्ये तोंड घातलं.

१५ सप्टेंबर

मशीन आलं. दोन्ही कानांचं. पिशवी चुरचुरते, पंखा कुरकुरतो, सु. चहा पिताना एवढा आवाज करतो हे माहीतच नव्हतं. लग्न जुळवताना सांगायला हवं होतं कुणीतरी.

मनूला मेसेज टाकला. ‘मशीन घेतलं. तुझी क्षमा मागायची आहे. समोर.’

‘बरं झालं घेतलंस. काळजी घे.’ बस, एवढंच.

एवढी सभ्य ती माझ्याशी कधीच नव्हती. शोभा गेली तेव्हा कॉलेजात होती, दोन वर्षं माझ्याकडे राहिली. फ्रीजचं दार उघडं टाकण्यावरून आमची रोज जुंपायची. ‘ए मावशी, तुझं काय चाललंय यार’ म्हणून अंगावर यायची. आता ‘काळजी घे’.

२० सप्टेंबर, शनिवार

मेट्रोने अंधेरीला गेले. न कळवता. नारळाच्या वड्या घेऊन. मनूला आवडतात.

दार रोहितने उघडलं. ती झोपलीय म्हणाला. बेडरूमचं दार बंद होतं, खाली फटीतून उजेड दिसत होता. पाणी दिलं. मी मशीन दाखवलं, केस मागे करून, पोरी नवीन कानातलं दाखवतात तसं. तो हसला नाही.

सावकाश, माझ्याकडे बघून बोलला. चांगला मुलगा आहे. ‘मावशी, ती तुमच्यावर चिडलेली नाहीये. ती म्हणते तुमची चूक नाही. पण तुमचं नाव निघालं ना, की तिला ते सगळ्यांचं होय म्हाराजा ऐकू येतं. रात्री उठून बसते.’

 वड्यांचा डबा टेबलावर ठेवला. ‘झाकण घट्ट लाव, मुंग्या येतील’ म्हटलं. 

बंद दारापलीकडे ती मला ऐकत असणार. तिचे कान चांगले आहेत.

परत येताना मशीन काढून पर्समध्ये ठेवलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

सोसायटीत गरबा. गच्चीच्या उंचीचे स्पीकर. मशीन लावलं तर डोक्यात सुऱ्या, काढलं तर सगळे मासे. तोंडं उघडतात, मिटतात. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण येऊन काहीतरी विचारत होती. जुनी सवय तोंडावर आली होती, ‘हो हो’. दात दाबून धरले. म्हटलं, ‘मला ऐकू येत नाहीये. काय म्हणालात?’

ती दोनदा बोलली. तिसऱ्यांदा हाताने ‘जाऊ दे, जाऊ दे’ केलं आणि दुसरीकडे गेली.

तर हे असं आहे. म्हणून तर आपण ‘हो हो’ म्हणत होतो इतकी वर्षं. लोक ‘हो’ला थांबतात, ‘काय?’ला थांबत नाहीत.

५ ऑक्टोबर

घरच्या ग्रुपवर टाकलं. सु.ने दोनदा वाचून दिलं. ‘मला ऐकू कमी येतं. मशीन लावलं आहे तरी गर्दीत समजत नाही. माझ्याशी बोलताना उजवीकडे बसावे, ओरडू नये. गणपतीत माझ्यामुळे जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं.’

लगेच जोडलेल्या हातांची चित्रं. वहिनीने आवाज रेकॉर्ड करून पाठवला, इतका ओरडून की मोबाइलशिवायही अंधेरीपर्यंत गेला असता. दादाचं फक्त ‘बरां केलंस.’

मनूने वाचलं. उत्तर नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

भाऊबीज आमच्याकडे. दरवर्षी दादा ओवाळून घ्यायला येतो, सगळे येतात. यंदा नको म्हणणार होते. सु. म्हणाला, मनूला कळव तरी. कळवलं.

तासाभराने आलं. ‘येते. रोहित पण.’

‘येते’ पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे ‘नाही’ नाहीये ना, ते बघितलं. मग सु.ला वाचायला दिलं. तो म्हणाला, ‘येते असंच लिहिलंय गं बाई.’

फराळाला हात लावायची ताकद आली.

२० ऑक्टोबर

शंकरपाळे झाले. करंज्या फुटल्या दोन-चार. मनूला एकटीला कुठे बसवायचं, काय बोलायचं, तेच डोक्यात. बेडरूममध्ये, दार लावून. खिडकीही बंद, फटाके असतात. माफी मागायची आणि गप्प बसायचं. ती जे बोलेल ते ऐकायचं. आपण मध्ये बोलायचं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सगळे गेले. भांडी तशीच आहेत. सु. म्हणतो मी घासतो, तू लिही.

मनू आली. बारीक झालीय. पाया पडली. मी उठवून जवळ घेतलं तर अंग आखडलं नाही तिचं, पण टेकलंही नाही. पिवळा कुर्ता घातला होता, मीच दिलेला, मागच्या दिवाळीचा. मुद्दाम घातला की हाती लागला म्हणून, माहीत नाही.

दादाला ओवाळलं. तो पाटावर बसल्या बसल्या मनूकडे बघत होता, मग माझ्याकडे. 

बेडरूम वगैरे काही जमलं नाही. तिथे वहिनीची नातवंडं पलंगावर उड्या मारत होती. सगळे हॉलमध्ये, टीव्ही चालू, खाली फटाक्यांच्या लडी लागलेल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत भिंतीला पाठ करून, कान तपासणाऱ्या त्या मुलीने शिकवलं तसं. आणि मनू स्वतःहून आली. माझ्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसली. उजव्या! म्हणजे ग्रुपवरचं लक्षात ठेवलं होतं.

प्लेट मांडीवर.  मग माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बोलली. माझ्याकडे न बघता, खाली बघत. बरंच बोलली. एक वाक्य नाही, दोन-तीन असतील. त्याच वेळी खाली मोठी लड लागली आणि मशीनने सगळी लड कानात ओतली. ‘मावशी’ कळलं. मध्ये ‘तेव्हा’ असावं. बाकी काही नाही.

हात अजून मनगटावर होता. ‘हो गं’ म्हटलं असतं तर तो तिथेच राहिला असता, हे मला त्या क्षणी कळत होतं. डोकं हलवायचं, डोळे पुसायचे, झालं. ती समाधानाने घरी गेली असती.

नाही म्हटलं. ‘मनू, मला ऐकू नाही आलं. परत सांग.’

ती सांगणार होती. तोंड उघडलं होतं तिने. तेवढ्यात वहिनीचं लक्ष गेलं. ‘अरे गप बसा रे सगळे! टीव्ही बंद कर तो! हिला ऐकू येत नाही, मनू काय सांगतेय बघा!’

चांगल्या मनाने. माझ्यासाठीच. टीव्ही बंद झाला, पोरं गप्प, दादाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. खाली लडसुद्धा संपली नेमकी. अख्खा हॉल आमच्याकडे बघत होता, गाऱ्हाण्याला उभे राहतात तसा.

मनूने सगळ्यांकडे एकदा बघितलं. हात काढून घेतला.

‘चकली छान झालीय म्हटलं.’

स्पष्ट ऐकू आलं. मशीन उत्तम आहे.

‘घे ना मग अजून,’ वहिनी म्हणाली आणि टीव्ही परत सुरू झाला.

जाताना दारात मी तिला म्हटलं, ‘एकदा ये. किंवा मी येते.’ ती ‘बघू’ म्हणाली. ‘बघू’च म्हणाली, सु.नेही तेच ऐकलं, विचारून घेतलंय.

तिची प्लेट मी स्वतः उचलली. चकली होती तशीच होती, तिने मोडलीही नव्हती.